पिशव्यांपाशी कोणीतरी बसायला हवं

आमच्या घरात लग्न ठरलं की बस्त्याला कोण कोण जाणार यावर आठवडाभर खल होतो. आत्या, मामी, थोरली काकू, आणि जिला नेलं नाही तर ती वर्षभर फोन उचलणार नाही अशी एखादी चुलत वहिनी. सगळ्या बायका ठरल्या की शेवटी कोणीतरी म्हणतं, "आणि हिला घ्या. पिशव्यांपाशी कोणीतरी बसायला हवं."

ही म्हणजे मी.

बस्ता म्हणजे नवरीचा शालू, नवऱ्याचा सूट आणि दोन्हीकडच्या यच्चयावत बायकांच्या मानाच्या साड्या एकाच दिवशी, एकाच दुकानात, दोन्ही पक्षांनी समोरासमोर मांडी घालून घेणे. मुलीचं कापड मुलाकडच्यांनी पसंत करायचं, मुलाचं मुलीकडच्यांनी. ज्याला ते अंगावर घालायचं आहे त्याने मध्ये तोंड घालायचं नाही. ही पद्धत कोणी काढली माहीत नाही, पण त्याला भांडणं आवडत असावीत.

माझ्या स्वतःच्या बस्त्याला मी हजर होते, एवढंच म्हणता येईल. उल्हासनगरला कॅम्प पाचमधलं दुकान, पांढऱ्या चादरींच्या गाद्या, समोर साड्यांचा डोंगर. मान खाली घालून बसायचं आणि विचारलं तर "तुम्ही द्याल ती" म्हणायचं, हे आईने घरून पाठ करून पाठवलं होतं. सासूबाईंनी विचारलं, मी म्हटलं. शालू शेंदरी निघाला. लग्नाच्या फोटोत मी नुकताच शेंदूर फासलेल्या मारुतीसारखी दिसते. मारुतीला निदान लोक नमस्कार तरी करतात.

पुढे नणंदेचं लग्न निघालं, बस्ता त्याच दुकानात. मी घरात नवी, मला साड्यांतलं काय कळणार, म्हणून थोरल्या जाऊबाईंनी मला खांबाच्या आडोशाला कोपऱ्यात बसवलं. भोवती सगळ्यांच्या पर्सा, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि मांडीवर कोणाचं तरी झोपलेलं पोर. तो कोपरा मला जो चिकटला तो कायमचा. दिरांची लग्नं झाली, भाच्यांची झाली, पुतण्यांची झाली. जाऊबाई पुढे गादीवर सेनापतीसारख्या आणि मी मागे सामानात. हे सामान आणि ते सामान यात लोक फारसा फरक करत नव्हते.

कोपऱ्यातून एक बरं असतं. पुढे बसलेल्यांना साड्या दिसतात. मला माणसं दिसायची. हळूहळू कळायला लागलं की जिला साडी खरोखर हवी असते ती त्या साडीकडे बघतच नाही, शेजारणीच्या मांडीवरच्या साडीकडे बघते. "छान आहे" असं म्हणून घडी घातली, तर ती साडी नको असते. "बरी आहे" म्हणून पदर मोकळाच सोडला, तर हवी असते. विहीण पाणी मागते तेव्हा तिला तहान लागलेली नसते, राग आलेला असतो.

कोपरा शेठच्या गल्ल्याला लागून होता. शेठ सिंधी, पांढऱ्या कपड्यातले, येणाऱ्या प्रत्येक बाईला 'अदी' म्हणजे थोरली बहीण म्हणायचे, मग ती बाई त्यांच्या नातीच्या वयाची का असेना. तासन्‌तास शेजारी बसून मला त्यांचं बोलणं यायला लागलं. त्यांच्याकडे 'आहे'ला 'आहे'च म्हणतात, त्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं होतं. 'सुठी' म्हणजे चांगली. पहिल्यांदा मी "सुठी आहे" म्हटलं तेव्हा शेठनी खास माझ्यासाठी चहा मागवला. घरी सांगितलं, तर सगळे हसले. म्हणाले, पिशव्यांपाशी बसून ही सिंधीण होणार.

त्यातून माझी आणि शेठची एक कामाची पद्धत बसली. दोन्हीकडचे आवाज चढायला लागले की मी म्हणायची, मुलांना भूक लागलीय. शेठ लगेच माणूस पाठवून दालपकवान मागवायचे. तो कडक, तळलेला पकवान तोंडात असताना माणसाला अपमान करता येत नाही, करायला गेलं तर तुकडे उडतात. तेवढ्या वेळात राग खाली बसायचा. आणि एखादीने भलतीच साडी धरून ठेवली, तर मी शेठना सिंधीत सांगायची. ते उठून यायचे, हात जोडायचे, म्हणायचे, ही दुसऱ्या पार्टीची बाजूला काढलेली, चुकून आली, माफ करा अदी. साडी आत. त्याबद्दल आम्ही दोघं कधी एका शब्दाने बोललो नाही.

घरात मात्र ठरून गेलं होतं की जाऊबाईंच्या हाताला यश आहे. त्या पुढे बसल्या की बस्ता बिनभांडणाचा होतो. जाऊबाईंनाही हे पटलेलं होतं. खोटं कशाला सांगू, मलाही पटलेलं होतं. दालपकवान मागवणं हे काम आहे असं कोण म्हणेल? मी पिशव्या राखत होते. एकही पिशवी कधी हरवली नाही, हीच माझी कर्तबगारी.

माझ्या मुलीला हे मान्य नाही. ती ऐरोलीला एका ऑफिसात टीम लीड आहे, म्हणजे तिच्या हाताखालची मुलं चुकली की ती त्यांना न ओरडता ओरडते. गेली दोन-तीन वर्षं तिने माझी सुधारणा हाती घेतली आहे. ती मला व्हिडिओ पाठवते. त्यात एक बाई समुद्रकाठी बसून सांगते की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी द्या. आमचा आरसा बाथरूममध्ये आहे आणि सकाळी बाथरूम रिकामं नसतं. मुलगी म्हणते, आई, तुला तुझी स्वतःची ग्रोथच दिसत नाही. मी म्हटलं, दिसते की, दरवर्षी ब्लाउज उसवावे लागतात.

तिचं लग्न तिनेच ठरवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहणारा. मग दोन्ही घरांनी आपण स्थळ शोधल्यासारखं करून पोहे खाल्ले. मुलगा चांगला. मुलाची आई कमी बोलणारी, सारखी पोटावर हात ठेवणारी बाई. आणि मुलाची आत्या. मांजर्लीत नदीचं पाणी भरलं की लोक वरच्या मजल्यावर जातात आणि ओसरलं की खाली येतात. आत्याबाई मागे कुठल्यातरी पुरात वर गेल्या, त्या अजून उतरलेल्या नाहीत. त्या घरात शब्द त्यांचा चालतो हे पोह्यांची बशी कोणापुढे आधी गेली त्यावरूनच कळलं.

बस्त्याच्या आदल्या दिवशी मी मुलीला म्हटलं, तुला कसली साडी हवी ते मला सांगून ठेव, मी बघते काय करायचं ते. ती म्हणाली, "आई, चिल. मी हँडल करेन. आणि प्लीज, त्यांच्यासमोर सिंधी बोलू नकोस, ऑड वाटतं."

बरं म्हटलं.

अंबरनाथ पूर्वेहून आम्ही रिक्षांनी निघालो. वाटेत जाऊबाईंनी नेहमीची गोष्ट सांगितली. ती त्या प्रत्येक बस्त्याला जाताना सांगतात. त्यांच्या माहेरच्या एका भाचीचं लग्न बस्त्यातच मोडलं. मुलाकडच्यांनी शालू काढला, मुलीकडची कोणी मावशी बोलून गेली, आमच्यात असा रंग नेसत नाहीत. तिकडचे उठले, चपला घातल्या आणि गेले. साडी दुकानात राहिली आणि नवरा गेला तो गेलाच. "तेव्हा आपण शालूवर एक अक्षर बोलायचं नाही," जाऊबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला काय, तू कधी बोलतच नाहीस." माझी मुलगी कानात ते पांढरे बोळे घालून बसली होती.

दुकानात गेलो, तर शेठ नव्हते. गुडघ्यांमुळे आता घरीच असतात असं कळलं. गल्ल्यावर त्यांचा मुलगा, तिशीचा, दाढी कोरलेली, सगळ्यांना आंटी म्हणणारा. खाली काच आणि एसी आला होता, बस्त्याच्या गाद्या वर पोटमाळ्यावर गेल्या होत्या. वर गेल्यावर मी सवयीने खांबाकडे वळले. जाऊबाईंनी दंड धरून ओढलं. "अगं, मुलीची आई तू. पुढे बस."

मग पिशव्यांपाशी कोण, असा प्रश्न निघाला. कोणीच तयार होईना. शेवटी जाऊबाईंनीच निकाल दिला की दुकानात कॅमेरे आहेत. माझ्या जागी कॅमेरा आला. म्हणजे माझ्या कामाची किंमत दुकानवाल्यांना आमच्या घरच्यांपेक्षा आधी कळली म्हणायची.

सूट भराभर झाला. नवऱ्या मुलाला विचारलं नाही, तोही काही बोलला नाही, सूट राखाडी ठरला आणि मुलाला घेऊन सगळे पुरुष समोरच्या टपरीवर चहाला गेले ते गेलेच. मग आमच्याकडून आत्याबाईंच्या मानाची साडी निघाली. जाऊबाईंनी एक मोरपंखी काढली. आत्याबाईंनी ती मांडीवर घेतली, "छान आहे" म्हणाल्या, आणि घडी घातली.

जाऊबाई आता "पक्की करा" म्हणणार होत्या. तोंड उघडलं होतं. पण म्हणायच्या आधी त्यांनी मान वळवून मागे कोपऱ्यात बघितलं.

कोपऱ्यात पिशव्या होत्या.

जाऊबाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी परत एकदा बघितलं. मग चष्मा काढून पुसला. ज्या बाईने अख्ख्या गोतावळ्याचे बस्ते बांधले, ती एका मोरपंखी साडीपुढे वाट चुकल्यासारखी बसली होती. तेव्हा मला आठवलं की ही मान दर वेळी वळायची. प्रत्येक साडीला, प्रत्येक 'पक्की'च्या आधी. मला वाटायचं त्या पर्स बघतायत, कारण त्यांची पर्स जड असते आणि जीव तिच्यात असतो. मी त्यांच्याकडे बघून मान हलवायची, म्हणजे आहे, पर्स आहे. आणि कधी आत्या-मामीचं तोंड वाकडं दिसलं तर माझं तोंडही नकळत वाकडं व्हायचं, तेव्हा त्या दुसरी साडी काढायला सांगायच्या. पर्सबद्दल त्यांना कधीच काळजी नव्हती.

त्यांनाही हे त्याच क्षणी कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी शेजारी माझ्याकडे बघितलं. मी दुकानातल्या माणसाला म्हटलं, "ही राहू दे. ती खालची, गडद जांभळी दाखवा." आत्याबाई "बरी आहे" म्हणाल्या आणि पदर मोकळा सोडून बसल्या. झालं.

मला हे कळून फार भरून वगैरे आलं नाही. राग आला. एवढी वर्षं मी बिनपगारी बस्ते बांधत होते आणि घरी येऊन वर माझ्यासाठी उरलेली साडी "बघ, तुलाही एक घेतली" म्हणून घेत होते. पण रागावायला वेळ नव्हता, कारण आता शालू निघाला.

तो आत्याबाईंनीच काढला. राणी कलर, ठासून भरलेली जर, वर काचेचे खडे. अंगावर टाकला असता तर मुलीला बसल्या जागी धरून ठेवेल एवढा जड. आत्याबाईंनी तो पसरला. विहीणबाईंनी साडीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. आत्याबाई माझ्या मुलीला म्हणाल्या, "बघ गं, आवडली ना?"

मी मुलीकडे बघितलं. ही रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडते. हिने सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी माफी मागायला लावली होती. आता हँडल करेल म्हटलं. ती शालूकडे बघत होती, आणि मग शेजारच्या बाईच्या मांडीकडे, आणि मग खाली चादरीकडे. म्हणाली, "मला काही पण चालेल."

'तुम्ही द्याल ती'ने जीन्स घातली की ते असं दिसतं. आवाजही तोच, बारीक, घशातल्या घशात. मला वाटलं होतं तो आवाज माझ्याबरोबर संपला. तो पुढे गेला होता, इंग्रजी शिकून.

मी आधी जुनंच हत्यार काढलं. म्हटलं, सगळ्यांना भूक लागली असेल, दालपकवान मागवा. साड्या दाखवायला वर आलेल्या शेठच्या मुलाने मागवलं. प्लेटा वर आल्या, डाळीचा वास सुटला, आणि आत्याबाई म्हणाल्या, "माझा गुरुवार आहे." आता उपवासाच्या माणसासमोर खायचं कसं? मुलाकडच्या सगळ्यांनी प्लेटा नको म्हटल्या. मग आम्हीही नको म्हटल्या. दालपकवान कट्ट्यावर ओळीने ठेवलं गेलं आणि सगळ्या बायका त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत शालूकडे बघायला लागल्या. शालूला एवढं लक्ष आयुष्यात मिळालं नसेल.

मग दुसरं हत्यार. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, शेठच्या मुलापाशी गेले आणि सिंधीत हळूच सांगितलं की ती साडी आत घे, दुसऱ्या पार्टीची म्हण.

तो म्हणाला, "आंटी, हिंदी में बोलो ना. सिंधी मेरेको नहीं आती."

ज्यांची भाषा शिकायला मी उमर घालवली, त्यांच्याच घरात ती संपली होती. मग मी तेच हिंदीत, त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्याला कळलं. तो हुशार मुलगा. गिऱ्हाइकाने सांगितलेलं नीट ऐकलं हे दाखवायला ते मोठ्याने परत म्हणायचं, असं त्याला कोणत्यातरी ट्रेनिंगमध्ये शिकवलं असावं. तो पोटमाळाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कौनसी छुपानी है आंटी, ये रानी कलरवाली?"



"लपवायची?" आत्याबाई म्हणाल्या. "आमची साडी लपवायची?"

मी परत येऊन जागेवर बसले. जाऊबाईंनी पदराखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर वण होता. त्यांच्या डोळ्यांपुढे माहेरची भाची उभी असणार. जिन्याच्या तोंडाशी मुलाकडच्यांच्या चपला होत्या, माझं लक्ष त्या चपलांवर गेलं. आणि माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, आता आई काहीतरी करून हे झाकेल, अशा नजरेने. झाकता आलं असतं. पोराला हिंदी नीट कळलं नाही म्हणता आलं असतं, मी दुसऱ्याच साडीबद्दल बोलत होते म्हणता आलं असतं. माझ्याकडे खोटी कारणं तयार होती, कोपऱ्यात बसून मी तीच विणत आले होते. पण त्यातलं कुठलंही वापरलं तरी शालू राणी कलरचाच राहत होता.

"हो, लपवायचीच होती," मी म्हटलं. "आत्याबाई, माझ्या मुलीला ही साडी नको आहे. तिला तोंड आहे, पण आज ते घरी विसरून आलीय, म्हणून मी सांगते."

"आई," मुलगी म्हणाली.

"आता आठवलं का? मग तू बोल."

ती पुन्हा चादरीकडे बघायला लागली.

आत्याबाई ताठ झाल्या. "मुलीकडच्यांनी शालूवर बोलायची पद्धत आहे का तुमच्याकडे?"

"नाही. आमच्याकडे गप्प बसून नेसायची आणि मग जन्मभर फोटो बघून नवऱ्याला बोलायची पद्धत आहे. तुमच्या भाच्याच्या भल्यासाठी सांगतेय."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. जाऊबाईंनी चिमटा सोडला, बहुधा हातातला जोर गेला म्हणून. मी वाट बघत होते की आता उठतील. आत्याबाईंनी एक गुडघा वर घेतलाही. तेवढ्यात विहीणबाई बोलल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

"वन्सं, बसा. तिला काय हवंय ते विचारा आणि उरका. मला ॲसिडिटी आहे, चहावर आहे मी सकाळपासून." मग त्या दुकानातल्या माणसाकडे वळल्या. "आणि ते दालपकवान आणा इकडे. उपवास काही सगळ्यांना नाही."

प्लेटा आल्या. बायकांनी अशी झडप घातली की बोलायला तोंड रिकामं राहिलं नाही. ज्या क्षणाला मी उभा जन्म घाबरत आले, जाऊबाई ज्याची गोष्ट सांगून सुनांना भिववत आल्या, तो क्षण आला आणि लोकांनी त्याच्याबरोबर कांदा मागून घेतला.

मीही खाल्लं.  मग मला नवल वाटलं, की हे बोलणं आलं कुठून? घरून तर मी पाणी पिऊन निघाले होते, आणखी काही करून नाही. शोधलं तेव्हा दिसलं की ते त्या दिवशी आलेलंच नव्हतं. कधी एका आत्याला "ही तुम्हाला शोभत नाही" म्हणून बघितलं होतं, कधी एका व्याह्यांना "तुमची पिशवी तुम्हीच धरा" म्हटलं होतं. प्रत्येक वेळी थोडंच, आणि कोणाच्या लक्षात येऊ नये एवढंच. माझ्याही आलं नाही. दही असंच लागतं. त्या व्हिडिओवाल्या बाईला कोणीतरी सांगायला हवं की रोज सकाळी झाकण काढून, लागलं का, लागलं का, करत बसलं तर ते लागत नाही, नासतं.

आता मुलीला विचारलं गेलं. तिने एकदाची मान वर केली आणि बोट दाखवलं. पिस्ता रंग. म्हणजे दुकानदार त्याला पिस्ता म्हणत होता. माझ्या मते तो सरकारी दवाखान्याच्या पडद्याचा रंग होता, तोही धुऊन धुऊन गेलेला. काठ होता की नाही ते जवळ जाऊन बघावं लागत होतं. जाऊबाई माझ्या कानाशी आल्या. "याच्यासाठी एवढं केलंस?"

"हो," मी म्हटलं.

"राणी कलर बरा होता गं."

मलाही तसंच वाटत होतं. पण साडी मला नेसायची नव्हती. मुलीने पदर खांद्यावर टाकला, आरशात बघितलं आणि हसली. विहीणबाई म्हणाल्या, पक्की. आत्याबाई आपल्या गडद जांभळ्याची घडी नीट करत राहिल्या.

शेवटी राहिली मुलीच्या आईची साडी. ती मुलाकडून असते आणि मुलीच्या आईने त्यावर एकच वाक्य म्हणायचं असतं. विहीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला कुठली काढू, विहीणबाई?" माझं तोंड उघडलं, वाक्य सवयीने ओठांवर आलं, आणि मला एकदम त्याचा कंटाळा आला. आल्यापासून मागच्या फळीवर एक निळी, बारीक काठाची साडी बघत होते. तिच्याकडे बोट केलं. बोट केलं तेव्हा कळलं की मला आवडनिवड आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरची ओळखण्यात माझी विचारायची राहून गेली होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी आत्याबाईंचा फोन आला, मुलीच्या मोबाइलवर. मी स्वयंपाकघरात होते. त्यांचा आवाज फोनबाहेर येत होता. शालू तर तुमच्या मनासारखा झाला, आता ब्लाउजला तरी खडे लावून घ्या, आमच्याकडची सगळी येणार आहेत, आमचाच शिंपी करेल, माप पाठवा. मुलगी फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने माझ्याकडे बघितलं आणि फोन थोडा पुढे केला.

माझे हात कणकेत होते. धुता आले असते.

मी कणीक मळत राहिले. ती उभी. पलीकडून "ऐकतेस ना गं?" आलं. मुलीने फोन परत कानाला लावला.  मग ती खाकरली.

"नको, आत्या. ब्लाउज साधा हवाय मला. आणि शिंपी आमचा."

आत्याबाई पलीकडून बराच वेळ बोलत होत्या. मुलगी मधूनमधून "हो, पण नको" म्हणत होती. मी तवा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.